दादाच्या नावावरची गाठ

११ जानेवारी

वहिनी,

साष्टांग घालणार होतो, पण डाव्या कुशीवर वाकता येत नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. पत्र घरी न येता तुझ्या टपाल कचेरीत आलेलं बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. घरी फोन केला की दादा उचलतो, आणि दादाशी बोलायला लागलो की मी परत चौथीतला होतो. शिवाय माझा फोन गेल्या महिन्यात रंगाच्या भट्टीत पडला. वितळताना बरा दिसत होता.

सध्या मी रस्त्यावर पट्टे मारतो. मधोमध तुटक पांढरा पट्टा असतो ना, तो. दोन तुकड्यांमधली रिकामी जागा तुकड्यापेक्षा बरीच मोठी असते, हे तुला माहीत होतं का? गाडीत बसलेल्याला दोन्ही सारखंच वाटतं. मला तर मोजपट्टी धरली तरी खरं वाटेना. मुकादम म्हणाला, "भिंगरी, तुला पट्टा मारायला ठेवलाय, विचार करायला नाही." ते राहू दे.

मुद्दा असा की मागच्या सोमवारी ट्रकच्या मागच्या फळीवरून पडलो. मुकादम आधी म्हणाला, "ऊठ, नाटकं पुरे." मी उठलो नाही तेव्हा स्वतःच उचलून पुढच्या सीटवर घातलं आणि दवाखान्यात नेलं. हाडं शाबूत निघाली. पण पोटावर तो गार चिकट पदार्थ फासून यंत्र फिरवणारा माणूस एका जागी आला आणि तीच जागा पुन्हा पुन्हा बघायला लागला. आधी क्रिकेटबद्दल बोलत होता. ते तिथेच तुटलं.

पांथरीत गाठ आहे म्हणे. पांथरी म्हणजे डाव्या बरगड्यांखाली असते ती, मुठीएवढी, म्हातारं झालेलं रक्त गाळणारी. मला सव्विसाव्या वर्षी कळलं की आपल्याकडे ही वस्तू आहे. गाठ पाच सेंटीमीटरची.

इथल्या डॉक्टरीणबाई बोलताना लिहीत असतात आणि लिहिताना जांभया देत असतात. म्हणाल्या, "पडल्यामुळे झालेली नाही. आधीपासून असणार."

"वाईट आहे का?"

"पांथरीत गाठ दिसली की आम्ही आधी वाईटच धरतो. काही निरुपद्रवी असतात. पण त्या फार क्वचित, आणि बाहेरून कर्करोगासारख्याच दिसतात."

मी म्हटलं, सुई घालून तुकडा काढा की. तर म्हणे पांथरी म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज, टोचलं आणि वाहायला लागली तर आवरत नाही.

त्यांनी विचारलंय, घरात कुणाला असलं काही होतं का? आई-बाबांचं मला काय आठवणार. दादाला विचारायचं नाही. आमच्या घरातली दुखणी तुलाच पाठ आहेत, म्हणून तुला विचारतो. आणि दादाला यातलं काही कळू देऊ नकोस, तो लगेच येईल आणि मुकादमाशी भांडेल.

तुझा
भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरी,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा, तो भेटल्यावर.

तुझं पत्र सकाळच्या थैलीतून माझ्याच हाताखाली आलं. अक्षर पाहिलं आणि बाकीचं टपाल तसंच ठेवून मागच्या खोलीत जाऊन वाचलं. उत्तर लिहायला पाच दिवस लागले. आता जे लिहितेय ते मी सहा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईला नाही, बहिणीला नाही. बसून वाच.

तुझ्या दादालाही तेच आहे.

सहा वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी घरी एक मोठं पाकीट आलं. कारखान्याच्या तपासणी केंद्राकडून, दादाच्या नावाने. मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही, माझी भाकरीच त्यावर आहे. ते एकच उघडलं. आत एक फिल्म आणि कागद. 'प्लीहेत ४.८ सेंटीमीटरची गाठ. कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. पुढील तपासणी तातडीने करावी.' प्लीहा म्हणजे पांथरी, हे मी तेव्हा कचेरीतल्या शब्दकोशात बघितलं.

यांनी तपासणी केली हेच मला माहीत नव्हतं. मी माहेराहून नुकतीच आले होते. जेवताना सहज आवाजात विचारलं, "त्या तपासणीचं काय झालं?" भिंगरी, यांचा चेहरा असा उतरलेला मी ना आधी पाहिला ना नंतर. घास तसाच ठेवला. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." म्हणाले, "तो विषय या घरात पुन्हा निघता कामा नये. माझी शपथ आहे."

मला काय वाटणार? वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे, आणि यांना त्यावर बोलायचं नाही. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याचा तेवढा तरी मान ठेवावा. पाकीट लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिलं.

त्यानंतर मी यांच्याशी भांडले नाही. एकदाही. चहाला नावं ठेवली तर दुसरा केला. मला मोठ्या कचेरीत बढती मिळत होती, दुसऱ्या गावी, ती सोडली आणि यांना सांगितलंही नाही. फ्यूज बांधायला शिकले, नळाचं वॉशर बदलायला शिकले, चिमणीला शाळेत सोडता यावं म्हणून स्कूटर शिकले. एकटीला लागेल ते सगळं शिकून ठेवलं. हे जिना चढून येतात तेव्हा मी दाराआड उभी राहून श्वास ऐकते. दमलेत का, कालच्यापेक्षा जास्त दमलेत का. रोज. चिमणी आठ वर्षांची होती, आता चौदाची आहे.

पण बघ, हे आहेत. सहा वर्षं झाली, आहेत. घोरतात, जेवतात, पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढतात. तुमच्या घराच्या रक्तातच असेल. डॉक्टरीणबाईंना सांग, मोठ्या भावालाही हीच गाठ आहे आणि तो धडधाकट आहे. तुला धीर यावा म्हणून शपथ मोडली. यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

दूध पीत जा.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं.

मोठी तपासणी झाली. शिरेतून औषध देतात आणि ते जिथे साचेल ती जागा चमकते. गाठ चमकली. बाकी अंगात काही सापडलं नाही, रक्तही चांगलं आहे. चार डॉक्टरांनी बसून फोटो बघितले. दोघांचं मत कर्करोग, तिसऱ्याचं बहुतेक कर्करोग, चौथा म्हणाला सांगता येत नाही. त्यामुळे पांथरी काढायची आणि मग कापून बघायची, असं ठरलं आहे. २० फेब्रुवारीला शस्त्रक्रिया. त्याआधी लसी घ्यायच्या, कारण पांथरी नसली की काही जंतूंना अडवायला कुणी राहत नाही.

दादाच्या पाकिटातली फिल्म मला पाठवशील का? डॉक्टरीणबाईंना तिचा उपयोग होईल. दादाला सांगू नकोस.

भिंगरी


१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र चारदा वाचलं. त्यात एकही फाटा नाही. ना मुकादम, ना रस्ता, ना कुणाची कुत्री. शाळेला दांडी मारलीस की तू असाच सुतासारखा सरळ बोलायचास, आणि मी लगेच ओळखायचे.

एका माणसाच्या पोटाची फिल्म दुसऱ्याच्या पोटाला कशी लागू पडेल? मी डॉक्टर नाही, टपालातली आहे. पण पत्ता चुकला की मला कळतं.

फिल्म कपाटातून काढून ठेवली आहे. खरं काय ते लिहिल्याशिवाय पाठवणार नाही. आणि तू घाबरला असशील तर तसंही लिही, त्यात लाज नाही.

वहिनी


७ फेब्रुवारी

वहिनी,

ती फिल्म माझी आहे.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. शेडच्या मागे आमचे रस्ता अडवायचे शंकू एकात एक घालून रचलेत, ते मोजले, एकशे बारा निघाले. परत आलो तर वाक्य तसंच होतं.

त्या ऑगस्टमध्ये मी तुमच्याकडे होतो, आठवतं? तू चिमणीला घेऊन माहेरी गेली होतीस. माझ्या हाताला काम नव्हतं म्हणून दादाने मला त्याच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर लावलं. गठ्ठे उचलायचे, बस. पण तिसऱ्या दिवशी एक माणूस आला नाही आणि दादाने मला गठ्ठे बांधायच्या यंत्रावर उभं केलं. पाळी दादाची, जबाबदारी दादाची, आणि रोजंदारीवाल्याला यंत्राला हात लावायची परवानगी नाही. गठ्ठ्याची थप्पी घसरली ती सरळ माझ्या पोटात.

रोजंदारीवाल्याला तपासणी केंद्राचं कार्ड नसतं. दादाने स्वतःचं कार्ड माझ्या गळ्यात घातलं. म्हणाला, "नाव विचारलं तर माझं सांग." मी म्हटलं, "आणि वय?" तर म्हणाला, "वय विचारलं तर पोट धरून कण्ह." मी तसंच केलं. पस्तिशीचा माणूस म्हणून मला विसाव्या वर्षी आत घेतलं, कुणी मान वर करून बघितलंही नाही. म्हणाले, आत काही फुटलेलं नाही, सविस्तर रिपोर्ट घरी येईल. दादा वाट बघत होता तो रिपोर्ट यायची, फाडून टाकायला. तो आलाच नाही. म्हणजे तुझ्याकडे आला. आठवड्याने मला जत्रेतले पाळणे जोडायचं काम मिळालं आणि मी गेलो. नंतर विसरलो. खरंच विसरलो. इथे डॉक्टरीणबाईंनी "जुने रिपोर्ट आहेत का" म्हणून विचारलं तेव्हा मी "मी कधी आजारीच पडत नाही" असं ऐटीत सांगितलं. माझ्या नावावर नव्हतं, त्यामुळे माझ्या डोक्यातही नव्हतं.

तू जेवताना विचारलंस तेव्हा दादा मरणाला घाबरला नव्हता. कार्डाला घाबरला होता. त्याला वाटलं, तुला कारखान्यातल्या कुणी सांगितलं, आता नोकरी जाणार. अजूनही जाईल. त्या फिल्मवर त्याचं नाव आहे, कार्डाचा नंबर आहे. म्हणून मागच्या पत्रात सरळ लिहिता आलं नाही.

वहिनी, दादाला काही नाही. कधीच नव्हतं.

तू सहा वर्षं माझ्या गाठीसाठी दाराआड उभी राहिलीस, आणि मी त्या वेळी कुठे होतो ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक वर्ष तर नुसता बस थांब्यांची छपरं बदलत होतो. मला तुझी माफी मागायची आहे पण ती कुठून सुरू करायची हे कळत नाही.

फिल्म सवडीने पाठव. घाई नाही. राग आला असेल तर आधी तो.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

सोबत फिल्म आणि कागद, रजिस्टरने, इस्पितळाच्या पत्त्यावर.

तुझं पत्र मला १२ तारखेला मिळालं. आज २४ आहे. या बारा दिवसांचा हिशोब तुला द्यायला हवा.

त्याच दुपारी मी पाकीट तयार केलं, पत्ता घातला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. अठरा वर्षांत मी कुणाचं टपाल एक दिवस अडवलेलं नाही. संप होता तेव्हाही नाही. हे अडवलं. रोज सकाळी खण उघडायचे, बघायचे, बंद करायचे. यांची नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं. पण नुसतं तेवढं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी यायचे तर हे समोर बसलेले असायचे, धट्टेकट्टे, पेपर वाचत. मला आनंद व्हायला हवा होता ना? देवाजवळ सहा वर्षं हेच मागितलं होतं. पण मला राग येत होता. यांना काही झालेलं नाही, याचा राग. आणि वाटायचं, मी सहा वर्षं थांबले, आता बाकीच्यांनी थांबा जरा. तू "घाई नाही" लिहिलं होतंस, ते धरून बसले.

परवा रविवारी यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज पाणचट झालाय." बस. मी कप उचलला आणि मोरीत ओतला. मग सगळं बाहेर आलं. पाकीट, शपथ, बढती, वॉशर, सगळं. सहा वर्षांचं साठलेलं होतं, आवाज किती चढला ते कळलं नाही. शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "गॅस तर लीक झाला नाही ना?" चिमणी म्हणाली, "नाही काकू, आई बोलतेय."

हे आधी ओरडले, मग ऐकत गेले. "मला वाटलं रिपोर्ट आलाच नाही," एवढंच दोनदा म्हणाले. मग विचारलं, "म्हणजे ते पोरगं सहा वर्षं गाठ घेऊन हिंडतंय?" आणि जिन्यात जाऊन बसले. मी वर, हे खाली.

काल सकाळी न सांगता कारखान्यात गेले आणि साहेबांना स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आले. सध्या घरी बसवलंय, चौकशी होईल. मी म्हटलं, "विचारल्याशिवाय कशाला सांगायचं?" तर म्हणाले, "फिल्मवर नाव माझं आहे. डॉक्टर विचारतील. त्याला पुन्हा माझ्यासाठी कण्हायला लागू नये."

शस्त्रक्रिया पुढे गेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली आहे. इस्पितळातल्या तारखा पुढे जातातच. गेली नसेल तर तसं लिही. काय ते लिही.

वहिनी


८ मार्च

वहिनी,

तारीख पुढे गेली नाही. २० लाच झाली. पांथरी नाही आता माझ्याकडे. चार छोटी भोकं आणि एक मोठी चीर एवढ्यावर काम भागलं.

आणि आधी ते सांगतो ज्यासाठी तू हे पत्र उभ्याने वाचत असशील. कर्करोग नाही. परवा रिपोर्ट आला. निरुपद्रवी गाठ, दुर्मीळ जातीची, नाव इतकं लांब की डॉक्टरीणबाईंनाही मध्ये श्वास घ्यावा लागला.

रिपोर्टला पंधरा दिवस लागले. मी पडून पडून कंटाळलो तेव्हा सलाईनचा खांब ढकलत तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे एक बाई आहेत, त्या मांसाचे तुकडे मेणात घालतात, मेण यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापतात आणि पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात. मी अर्धा तास बघत उभा होतो. म्हटलं, मला शिकवाल का? म्हणाल्या, "आधी चालायला शीक." त्यांनी मला माझी पांथरी दाखवली. मधोमध पांढरा चट्टा आणि भोवती तांबूस तपकिरी गोळे. त्या म्हणाल्या, यात तीन तऱ्हेच्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, वेगवेगळे रंग चढवले की प्रत्येक तऱ्हा वेगळी दिसते. कर्करोगात अशी शिस्त नसते म्हणे. त्यांच्या तीस वर्षांत ही दुसरी.

आता फिल्म. मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. त्यात शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती, फिल्म वेळेवर आली होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तरीही काढावीच लागली असती. चांगलं पत्र झालं होतं. घडी घातली, पाकिटात घातलं, मग फाडलं. दादाने नोकरी वाचवायला लपवलं, तू दादाला वाचवायला लपवलंस, त्यात आता माझी भर नको.

फिल्म २८ ला आली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म दिव्यावर शेजारी शेजारी लावल्या.

"ही कुणाची?"

"माझी."

"नाव?"

"भावाचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच ठेवलेलं बघितलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी घेऊन मोजलं, परत मोजलं. म्हणाल्या, "सहा वर्षांत दोन मिलिमीटर. कर्करोग इतका आळशी नसतो." मग खुर्चीत मागे टेकल्या. "ही आधी हातात असती तर मी कापलं नसतं. सहा महिन्यांनी परत बोलावलं असतं, आणि मग वर्षाने." त्या रागावल्या नाहीत. रागावायला लागणारी ताकद त्या दिवशी त्यांच्यात नव्हती.

तू आता बारा दिवस मोजत बसशील. थांब. माझं ऐक. १८ तारखेला त्यांनी मला विचारलं होतं, अजून काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, "भावाची एक जुनी फिल्म येतेय." त्या म्हणाल्या, "भावाच्या फिल्मसाठी तुमचं पोट थांबवून ठेवत नाही." तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं, ती माझी आहे एवढंच. दादाच्या नोकरीचा विचार आला आणि मी सुतासारखा सरळ गप्प बसलो. तुला तर "सवडीने पाठव" लिहिलं. फिल्म आली तर शस्त्रक्रिया टळू शकते, हे कळवलंच नाही, कारण तुझ्याकडे अजून काही मागायची मला लाज वाटली. तेव्हा पांथरी तुझ्या खणात गेली नाही. गेली असलीच तर तिघांच्या हातून गेली.

आता एवढंच आहे की ताप आला तर बसून राहायचं नाही, त्याच तासाला इस्पितळ गाठायचं, कुठेही असलो तरी. साधा ताप माझ्यासाठी साधा नाही. खिशात ठेवायला एक कार्ड दिलंय. त्यावर माझंच नाव आहे, दोनदा वाचून बघितलं.

मुकादम येऊन गेला. म्हणाला, "बसून करायचं काम देतो, मोजपट्टी धरायची." बघू.

भिंगरी


१४ मार्च

भिंगरी,

कर्करोग नाही, तिथपर्यंत उभ्याने वाचलं. पुढचं खाली बसून.

तिघांच्या हातून गेली असं तू लिहिलंस. वाटणी चांगली केलीस. पण टपाल मी अडवलं, ते माझं मला राहू दे. त्यावर पुन्हा लिहू नकोस आणि माफ केलं असंही लिहू नकोस. मला अजून ते उचलून ठेवायला जागा सापडलेली नाही.

यांना सुपरवायझरवरून काढलं. गोदामात टाकलंय, सहा एप्रिलपासून. त्याआधी तुझ्याकडे येतो म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आम्ही आता रोज थोडं थोडं भांडतो. परवा पंख्यावरून. बरं वाटतं, पण दम लागतो.

काल मी दुपारी दोनला झोपले ती संध्याकाळी सातला उठले. हे जिना चढून कधी आले ते कळलंच नाही.

तुझ्याकडून मला एकच हवंय. दर रविवारी एक कार्ड टाक. ताप आला का, एवढंच. आला नसेल तर 'नाही' लिही. मुकादम, शंकू, मेण, काही नको. एक शब्द.

वहिनी


१५ मार्च

तुझं पत्र अजून यायचंय, पण सगळं कळल्यावर दादा येणारच, म्हणून त्याच्यासाठी खाट सांगून ठेवली आहे.

भिंगरी


२२ मार्च

नाही.


२९ मार्च

वहिनी,

नाही. दादा काल आला. येताना माझ्यासाठी तीन बनियन आणि थर्मामीटर घेऊन आला. टाके बघून विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "हसलो की दुखतं." तेव्हापासून तो माझ्यासमोर तोंड पाडून बसलाय, मला हसू येऊ नये म्हणून, आणि त्याचं ते तोंड बघून मला हसू आवरत नाही.

तू एक शब्द म्हणाली होतीस, जास्त झाले. हे कार्ड टपालात टाकायला तोच नेणार आहे. पाकिटात घालू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, उघडंच ने, आणि वाच.

भिंगरी

वाचलं. ताप नाही. सकाळी नव्व्याण्णवला एक कमी होता, दुपारीही तेवढाच. बुधवारी घरी येतो. जिन्यातला दिवा गेलाय, तो तू बदलू नकोस, मी आल्यावर बदलतो.